मध्यस्थी की लवाद? सही करण्याआधी बघा

भावाभावांत वाड्यावरून वाजलं की इंदूरच्या मराठी घरांत कुणीतरी म्हणतंच, "कोर्टात कशाला, मध्यस्थ नेमा." सल्ला चांगला आहे. पण आपल्याकडे कागद होतात हिंदीत, आणि तिथे ‘मध्यस्थता’ आणि ‘माध्यस्थम्’ या दोन निराळ्या गोष्टी आहेत. मध्यस्थता म्हणजे आपली मध्यस्थी. माध्यस्थम् म्हणजे लवाद. भागीदारीच्या करारात शेवटी शेवटी ‘विवाद माध्यस्थम् द्वारा’ असं एक कलम असतं, ते बरेच जण न वाचताच सही करतात. मग दावा लावला आणि समोरच्याने वेळीच ते कलम दाखवलं, की कोर्ट प्रकरण लवादाकडेच पाठवतं.

लवाद निकाल देतो. तो पटो न पटो, पाळावा लागतो. 1996 च्या लवाद कायद्याप्रमाणे निवाडा, म्हणजे लवादाचा निकाल, कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखा अमलात येतो. आव्हान द्यायला मुदत तीन महिन्यांची, कारणंही मोजकी. ‘निवाडा चुकलाय’ एवढ्यावर भागत नाही. लवादाची फी पक्षकारांच्या खिशातून जाते. तरीही धंद्यातला हिशेब अडकला असेल आणि समोरचा बोलायलाच तयार नसेल, तर लवादच बरा.

मध्यस्थ निकाल देत नाही. तो दोघांना समोरासमोर बसवतो, मग एकेकाला वेगळं घेऊन विचारतो: तुला जागा हवी की पैसे? थोरल्याला बहुतेकदा देवघराची खोली हवी असते, धाकट्याला फ्लॅटपुरती रक्कम. दाव्याच्या कागदांत हे कुठेच लिहिलेलं नसतं. तिथलं बोलणं गोपनीय राहतं, आणि सही करेपर्यंत कुणीच बांधलेलं नसतं. कोर्टाने पाठवलेला दावा असा मिटला तर भरलेली कोर्ट फीसुद्धा परत मिळते.

लोक अदालतीचं थोडक्यात: आकडा जवळपास ठरलेला असेल, म्हणजे चेक बाउन्स, बँकेची थकबाकी, अपघाताची भरपाई, तर तिथे जा. तिथल्या निवाड्यावर अपील नाही.

वाड्यासाठी मी आधी मध्यस्थीच सांगेन, अगदी आग्रहाने. त्याच अंगणात पुढेही गणपती बसवायचा असतो. मात्र लग्न होऊन पुण्याला किंवा बडोद्याला गेलेल्या बहिणींना पहिल्याच बैठकीला बोलवा. त्यांचाही हिस्सा आहे, आणि त्यांच्या सहीशिवाय झालेली तडजोड त्यांना बांधत नाही. मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचं वकिलाला तेव्हाच विचारून घ्या.