टेकडी की माळ? शरदातील शिकारी पक्षी मोजू पाहणाऱ्यांसाठी

परतीचा पाऊस ओसरून सोयाबीनची काढणी सुरू झाली की मराठवाड्यात उत्तरेकडचे शिकारी पक्षी दिसू लागतात. त्यांची नियमित गणना करावी असे ज्यांनी मनावर घेतले आहे, त्यांच्यासमोर साधारण दोन वाटा असतात. म्हैसमाळसारख्या उंच जागी दिवसा बसून वरून जाणारे पक्षी मोजावेत, किंवा सायंकाळी माळरानाच्या कडेला बसून रात्रीच्या मुक्कामाला उतरणारे भोवत्या, अर्थात हॅरियर, मोजावेत. मी दोन्ही करून पाहिले आहे. दुर्बीण, वही आणि ओळखीचा थोडाफार सराव दोन्हीकडे सारखाच लागतो, म्हणून त्याविषयी येथे लिहीत नाही.

टेकडीची ओढ वाटणे स्वाभाविक आहे, कारण जगातील नावाजलेल्या गणना अशाच जागांवरून होतात. अमेरिकेत हॉक माउंटनवरील गणना १९३४ साली सुरू झाली. जॉर्जियात बातुमीजवळून एका शरदात दहा लाखांहून अधिक शिकारी पक्षी जातात. नेपाळात पोखराजवळच्या थुलाखर्क येथे स्टेप गरुड हिमालयाच्या कडेने पश्चिमेकडे सरकताना मोजले जातात. मात्र या जागा भूगोलाने घडवलेल्या आहेत. मोठ्या पंखांचे पक्षी तापलेल्या जमिनीवरून वर चढणाऱ्या हवेच्या आधाराने प्रवास करतात. समुद्रावर तशी हवा मिळत नाही, म्हणून बातुमीला काळा समुद्र आणि कॉकेशसचे डोंगर यांच्यामधील चिंचोळ्या पट्टीत ते एकवटतात. आपले पठार चारही बाजूंनी मोकळे आहे. म्हैसमाळवरून न दिसलेला गरुड वैजापूरवरून निघून गेलेला असू शकतो, आणि त्याला अडवणारे मध्ये काहीही नाही.

एवढ्यावरून मी टेकडी सोडली नसती. थोडे पक्षी दिसले तरी थोडक्यांची नोंद होते, आणि तिलाही मोल आहे. मला खरा वैताग आणला तो घारींनी. ऊन तापू लागले की त्या एकेक करून वर चढतात, घिरट्या घालत उताराच्या आड जातात आणि थोड्या वेळाने पुन्हा समोर येतात. उजव्या पंखातले एक पीस गळालेली घार एकाच सकाळी पुनःपुन्हा दुर्बिणीत आली, तेव्हा ती एकच असल्याचे कळले. पण जिची सगळी पिसे शाबूत आहेत तिचे काय करायचे? घारींना सरसकट वगळावे, तर हिवाळ्यात उत्तरेकडून काळ्या कानांच्या घारीही आपल्याकडे येतात, आणि उंचावरच्या काळ्या आकृतीत ही पाहुणी आणि ही गावची, असे खात्रीने सांगणे निदान मला तरी जमत नाही. दिवसअखेर वहीत आकडा असायचा, परंतु तो किती पक्ष्यांचा आणि किती फेऱ्यांचा, हे सांगता येत नसे.

माळावर हा घोळ पुष्कळ कमी होतो. कझाकस्तानच्या गवताळ प्रदेशाकडून येणारे पॅलिड आणि माँटेग्यू हॅरियर दिवसभर विखरून शिकार करतात, पण रात्री उंच गवतात जमिनीवर एकत्र मुक्काम करतात. सूर्यास्ताच्या तासभर आधीपासून ते येऊ लागतात. पंख किंचित वर उचललेला पक्षी कुसळीच्या टोकांना जवळजवळ लागून येतो, एखादा फेरा घेतो आणि पाय खाली सोडून गवतात दिसेनासा होतो. काही पक्षी उतरल्यावर पुन्हा उठतात आणि दुसरीकडे बसतात, म्हणून उतरलेल्यांतून उठलेले वजा करत जावे लागते. दोघे जण असल्यास एकाने मोजावे, दुसऱ्याने लिहावे. अंधार पडेपर्यंत हाती येणारा आकडा त्या रात्री त्या गवतात असलेल्या पक्ष्यांचा असतो, आणि पुढच्या आठवड्यातल्या किंवा पुढच्या वर्षीच्या आकड्याशी त्याची तुलना करता येते.

उणिवा येथेही आहेत. नर ओळखता येतात. माँटेग्यूच्या राखाडी पंखावरची काळी पट्टी बऱ्या उजेडात सुटत नाही. माद्या आणि पहिल्या वर्षाची पिल्ले मात्र संधिप्रकाशात वेगळी काढणे कठीण असते, म्हणून मी ‘अनिश्चित’ असा स्वतंत्र रकाना ठेवतो आणि तो भरला तरी वाईट वाटून घेत नाही. शिवाय ही गणना हॅरियरपुरतीच राहते. स्टेप गरुड, मधुबाज किंवा नोव्हेंबरमध्ये नागालँडकडून आफ्रिकेला निघालेले अमूर ससाणे यांची ज्यांना ओढ आहे, त्यांनी टेकडीच गाठावी, आणि त्यात काही गैर नाही. ज्यांना संध्याकाळी कामातून सुटकाच नसते, त्यांनाही दुसरा पर्याय नाही.

पण ज्याला दोन्ही वेळा मोकळ्या आहेत आणि ज्याला दरवर्षी ताडून पाहता येईल असा आकडा हवा आहे, त्याला मी माळच सुचवीन. जागा ठरवण्यापूर्वी गायरानातले गवत केव्हा कापतात, हे गावात आणि मेंढ्या घेऊन फिरणाऱ्या धनगरांकडे विचारून घ्यावे. दिवाळीच्या आधीच कापणी होत असेल, तर हंगाम भरात येण्यापूर्वी पक्षी तेथून उठतात. बसण्याची जागा गवतापासून निदान दोनशे मीटर दूर, शक्यतो बांधाच्या आडोशाला निवडावी, आणि मुक्कामाचे नेमके ठिकाण छायाचित्रांसोबत कोठेही जाहीर करू नये.