व्हॉल्व्ह उघडला की टाकी गळतेय? समीकरणं, आयएमएम आणि पार्टिकल फिल्टर

दोन टाक्या, मध्ये पाइप, पाइपवर ऑन-ऑफ व्हॉल्व्ह. पाण्याची पातळी सलग बदलते, व्हॉल्व्ह मात्र एका झटक्यात. पहिल्या टाकीतलं पाणी एकदम भराभर उतरायला लागलं, तर व्हॉल्व्ह उघडला म्हणायचं की टाकी गळतेय? पद्धत निवडताना मी आधी एवढंच बघतो, की व्हॉल्व्ह हलवतं कोण.

पीएलसीच्या (यंत्रं चालवणाऱ्या औद्योगिक कंट्रोलरच्या) आज्ञेवर हलत असेल, तर मोड, म्हणजे व्हॉल्व्ह उघडा की बंद ही स्थिती, शोधत बसायचं कारण नाही. सरळ रेसिड्युअल (हिशोबात उरलेला फरक) काढा: आत आलेलं पाणी, वजा व्हॉल्व्हमधून गेलेलं, वजा साठ्यात पडलेली भर. उत्तर शून्याच्या आसपास राहिलं पाहिजे, नाहीतर कुठेतरी बिघाड आहे. हायब्रिड बाँड ग्राफवरून (यंत्रणेतली ऊर्जेची देवाणघेवाण स्विचांसकट दाखवणाऱ्या आकृतीवरून) समीकरण मांडलं की व्हॉल्व्हची स्थिती 0 किंवा 1 म्हणून त्यातच बसते, दर मोडला नवं मॉडेल लागत नाही. दुखणं एकच: पातळीचा डेरिव्हेटिव्ह (बदलाचा वेग) लागतो आणि सेन्सरचा नॉइज त्यात फुगतो.

ओव्हरफ्लो पाइपसारखं काही आपोआप सुरू होत असेल किंवा आज्ञेवर भरवसा नसेल, तर ब्लॉम आणि बार-शालोम यांनी 1988 मध्ये मांडलेलं आयएमएम (इंटरॅक्टिंग मल्टिपल मॉडेल) बरं. प्रत्येक मोडसाठी एक काल्मन फिल्टर (मॉडेलचा अंदाज आणि सेन्सरचं माप जुळवून पातळी ठरवणारी पद्धत), सगळे समांतर, आणि दर क्षणी कोणत्या मोडची शक्यता किती याचा आकडा. ‘अडकलेला व्हॉल्व्ह’ हाही त्यात एक मोडच. चार-सहा मोड असतील तर मी दुसरीकडे बघणारही नाही. पण 10 व्हॉल्व्ह म्हणजे 1024 मोड, तेही बिघाड न धरता.

मग पार्टिकल फिल्टर? तो अनेक संभाव्य स्थिती, म्हणजे ‘कण’, पुढे चालवतो आणि मापाशी जुळतील तसं त्यांना वजन देतो. पातळीच्या फरकाच्या वर्गमुळाने बदलणारा प्रवाह त्याला जड जात नाही. पण बिघाड दुर्मीळ असतो, तिथे तो फसतो. दर पावलाला बिघाडाची शक्यता 0.001 आणि कण 100, तर बिघाडाच्या मोडमध्ये पोचणारे कण सरासरी 0.1. म्हणजे व्हॉल्व्ह अडकलाय आणि तिकडे बघायला एकही कण नाही! तिकडे मुद्दाम जादा कण पाठवून वजनात भरपाई करावी लागते, किंवा मोड कणांकडे आणि पातळी काल्मनकडे अशी वाटणी.

दोन्ही टाक्यांची पातळी सारखी झाली, तर मात्र तिन्ही पद्धती आंधळ्या. व्हॉल्व्ह उघडा असो वा बंद, पाइपमधून प्रवाह शून्यच. अशा वेळी निकाल देऊ नका, दोन्ही शक्यता जिवंत ठेवा. पंप हाताशी असेल तर एका टाकीत थोडं पाणी चढवा आणि मग बघा.