सावंतवाडीचा लाकडी पांगुळगाडा: वर्षाच्या आतल्या बाळासाठी घ्यावा का?

सावंतवाडीच्या चितार आळीतून गेल्या दिवाळीत आणलेला लाकडी पांगुळगाडा आमच्या मुलीने धरून उभी राहू लागल्यापासून ते एकटी चालू लागेपर्यंत वापरला. बारशाला भेट आलेला प्लास्टिकचा गोल वॉकरही त्या काळात घरातच होता. या दोहोंपैकी काय घ्यावे, असा प्रश्न पडलेल्या पालकांसाठी हे परीक्षण जरा सविस्तर लिहीत आहे. माझे मत आधीच सांगतो. पांगुळगाडा जरूर घ्यावा. मात्र तो बाळाला चालायला शिकवतो या समजुतीने घेऊ नये, आणि दुकानातून येतो तसाच्या तसा गुळगुळीत फरशीवर तर मुळीच वापरू नये. गोल वॉकर घेऊच नये आणि कोणी प्रेमाने दिला तरी वापरू नये.

आमचा गाडा जुन्या पद्धतीचा आहे. मागे दोन मोठी चाके, पुढे एक लहान चाक, मधे तिकोनी बैठक आणि मागच्या बाजूला उभ्या दोन दांड्यांवर बसवलेली आडवी मूठ. चाके आणि बैठक तांबड्या-पिवळ्या रंगाची असून मूठ बिनरंगाची आहे. ती तशी आम्ही मुद्दाम मागून घेतली, त्याचे कारण पुढे येईल. सावंतवाडीची खेळणी पूर्वी पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची होत असत, पण हा गाडा आंब्याच्या लाकडाचा असल्याचे विक्रेत्याने सांगितले आणि त्याचे वजन पाहता ते खरे वाटते. गाड्याच्या बाबतीत जड लाकूड हा गुणच आहे, कारण उभे राहण्यासाठी बाळ ज्या वस्तूचा आधार घेते ती वस्तू बाळाच्या ओढीने उचलली जाता कामा नये.

नवव्या महिन्याच्या गोवर-रुबेलाच्या लसीला गेलो असताना आम्ही डॉक्टरांना वॉकरबद्दल विचारले, तेव्हा त्यांनी तो अडगळीत ठेवा असे सांगितले आणि कारणेही नीट समजावली. वॉकरमध्ये बाळ कापडी बैठकीत लोंबकळत असते. शरीराचा भार पायांवर पुरता येत नाही, चवड्यांनी फरशी मागे ढकलली की सगळा डोलारा पुढे सरकतो आणि तोल सांभाळण्याचे काम बाळाकडे उरतच नाही. समोरच्या ताटलीमुळे त्याला स्वतःचे पायही दिसत नाहीत. आयर्लंडमधील १९० बाळांच्या २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, वॉकरमध्ये घालवलेल्या दर एकूण २४ तासांमागे आधाराविना उभे राहणे ३.७ दिवसांनी आणि आधाराविना चालणे ३.३ दिवसांनी लांबलेले आढळले होते. उशीर हा मात्र त्यातला लहान दोष म्हणावा लागेल. वॉकरमधले बाळ एका सेकंदात तीन फुटांहून अधिक अंतर कापू शकते, म्हणजे शेजारच्या खुर्चीतून उठून त्याला धरेपर्यंत ते जिन्याच्या तोंडाशी किंवा गॅसच्या शेगडीपाशी पोचलेले असते. अमेरिकेत १९९० ते २०१४ या काळात वॉकरच्या अपघातांमुळे १५ महिन्यांखालील दोन लाख तीस हजारांहून अधिक मुलांवर रुग्णालयांच्या आपत्कालीन विभागांत उपचार करावे लागले. त्यांतील बहुतेकांना डोक्याला किंवा मानेला इजा झाली होती आणि बहुतेक जण जिन्यावरून पडलेले होते. कॅनडाने तर एप्रिल २००४ पासून वॉकरची विक्री, आयात आणि जाहिरात या तिन्हींवर बंदी घातली असून ती वापरलेल्या वॉकरच्या विक्रीलाही लागू आहे. आपल्याकडे तो खेळण्यांच्या कोणत्याही दुकानात दर्शनी जागी टांगलेला असतो, आणि बारशाच्या भेटींत त्याचा मान अजून चांदीच्या वाळ्यांच्या खालोखाल आहे.

पांगुळगाड्याची गोष्ट वेगळी, कारण त्यात बाळाला बसवता येत नाही. ज्या बाळाला धरून उभे राहता येत नाही, त्याच्यासाठी तो निरुपयोगी आहे, आणि त्याच्या सुरक्षिततेचे अर्धे श्रेय मी या निरुपयोगीपणाला देतो. आमची मुलगी आठव्या महिन्यात रांगू लागली, नंतर दिवाणाची कड धरून उभी राहू लागली आणि मग ती कड न सोडता खेकड्यासारखी आडवी सरकू लागली. दिवाळीत गाडा घरात आला तेव्हा ती फक्त उभी राहत होती, म्हणून पहिले काही आठवडे गाडा भिंतीला टेकवून, चाकांखाली पाचर घालून, केवळ आधाराची एक जागा म्हणून ठेवला. ती मूठ धरून उठे, गुडघ्यांत वाकून पुन्हा बसे, मूठ चाटे, चावे आणि पुन्हा उठे. उठण्या-बसण्याचा हा कंटाळवाणा दिसणारा उद्योगच मांड्यांची आणि कमरेची खरी तयारी करतो, असे डॉक्टरांचे म्हणणे होते, आणि ती आडवी सरकताना एका पायावरून दुसऱ्या पायावर भार कसा नेऊ लागली आहे हे पाहिल्यावर ते पटलेही.

आजूबाजूच्या बाळांशी तुलना करून गाड्याची घाई करणाऱ्या पालकांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. जागतिक आरोग्य संघटनेने भारत, घाना, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या पाच देशांतील निरोगी मुलांच्या निरीक्षणावरून २००६ साली जे टप्पे प्रसिद्ध केले, त्यांत आधाराविना बसण्याचा काळ ३.८ ते ९.२ महिने, आधाराने उभे राहण्याचा ४.८ ते ११.४ महिने आणि आधाराविना चालण्याचा ८.२ ते १७.६ महिने असा दिलेला आहे. म्हणजे वाढदिवसाच्या आधी चालणारे बाळ आणि त्यानंतर पाच महिन्यांनी पहिले पाऊल टाकणारे बाळ अशी दोन्ही बाळे सर्वसाधारणच असतात. त्याच पाहणीतील चार टक्क्यांहून थोडी अधिक मुले हाता-गुडघ्यांवर कधी रांगलीच नाहीत, तरीही ती चालू लागली. दीड वर्षापर्यंत बाळ चालले नाही, सतत चवड्यांवरच उभे राहिले किंवा एकाच बाजूचा हात-पाय वापरू लागले, तर डॉक्टरांकडे जावे. त्यावर गाडा हा उपाय नव्हे.

आता दोषांकडे येतो, कारण ते आहेत आणि विकत घेण्यापूर्वी कळलेले बरे. पहिला दोष वेगाचा. हे गाडे शेणाने सारवलेल्या जमिनीसाठी किंवा खडबडीत अंगणासाठी घडवले गेले. तिथे चाकांना जमिनीचा अडथळा होतो आणि गाडा बाळाच्या पावलांच्या बेताने सरकतो. आमच्या पुण्यातल्या सदनिकेतल्या चकचकीत फरशीवर मात्र तो मूठ धरताच पुढे पळे, पाय मागे राहत आणि मुलगी कमरेतून लांबट होऊन हनुवटीवर पडण्याच्या बेतात येई. उपाय स्वस्त निघाला. कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडून जुनी ट्यूब आणून तिच्या पट्ट्या तिन्ही चाकांच्या धावांवर घट्ट चिकटवल्या आणि सुरुवातीचे दिवस गाडा फक्त सतरंजीवर वापरला. कारागिरांनी रबराची धाव लावूनच गाडा विकला, तर त्यासाठी शंभर रुपये जास्त द्यायला कोणीही तयार होईल असे मला वाटते.

दुसरा दोष तोलाचा आहे आणि तो सर्व गाड्यांत सारखा नसतो. मुठीचे उभे दांडे मागच्या आसाच्या बरोबर वर किंवा त्याच्याही मागे बसवलेले असतील, तर उठताना बाळाने मुठीला लोंबकळताच पुढचे चाक वर उचलले जाते आणि गाडा बाळाच्या अंगावर येतो. दांडे आसाच्या बरेच पुढे असतील तर असे होत नाही. दुकानात गाडा सपाट जमिनीवर ठेवून मूठ तळहाताने खाली आणि जरा मागे दाबून पाहावी. पुढचे चाक सहज उठले तर तो गाडा रंगाने कितीही देखणा असला तरी तिथेच सोडावा. आमच्या गाड्याचे चाक जोर दिल्यावर थोडेसे उठत होते, म्हणून बैठकीच्या पुढच्या टोकाला वाळूची लहान पिशवी बांधली आणि तो प्रश्न मिटला. मुठीची उंचीही बघून घ्यावी. ती उभ्या बाळाच्या छातीच्या किंचित खाली यावी. खांद्याच्या पातळीला आली तर बाळ तिला लोंबकळते आणि फार खाली असली तर ओणवे होते.

रंगाबद्दल मी जरा कडक आहे, कारण या वयात मूठ ही हाताने धरण्याइतकीच तोंडाने धरण्याची वस्तू असते. घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाचे प्रमाण ९० पीपीएमपेक्षा, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा, अधिक नसावे असा नियम भारतात २०१६ साली झाला, पण खेळण्यावर नेमका कोणता रंग लावला आहे हे गिऱ्हाइकाला डोळ्यांनी कळत नाही. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे झाले असले, तरी नोंदणीकृत हस्तकला कारागिरांच्या मालाला त्यातून सूट आहे. त्यामुळे चिन्ह नाही म्हणून गाडा वाईट ठरत नाही, आणि हाताने केलेला आहे एवढ्यावरून तो निर्धोकही ठरत नाही. मूठ बिनरंगाची, बारीक कागदाने घासलेली घ्यावी आणि वरून खोबरेल तेलाचा हात फिरवावा, हा मला सर्वांत सोपा मार्ग वाटला. आमच्या गाड्याच्या बैठकीचा तांबडा रंग ओल्या फडक्याला लागत नाही, पण चाकांचा पिवळा रंग काही महिन्यांतच कडांना उडू लागला. तेवढ्या भागावर चिकटपट्टी लावावी लागली, ही तक्रार नोंदवून ठेवतो. चाके आसावर धरून ठेवणाऱ्या लाकडी खुंट्या महिन्याभरात सैल होतात. त्या ठोकून बसवाव्यात आणि बाळाच्या हाती लागत नाहीत ना, हे रोज पाहावे, कारण ती खुंटी घशात अडकण्याच्या मापाची असते.

इतके सगळे करून मिळाले काय? संक्रांतीला बोरन्हाणाच्या वेळी ती गाडा ढकलत खोलीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जात होती आणि वाटेतली बोरे चाकाखाली आली की थांबून ती उचलण्यासाठी एक हात सोडत होती. एका हाताने आधार आणि दुसऱ्या हाताने काम, ही कसरत वॉकरमध्ये बसून जमण्यासारखी नाही. पण माझ्या लेखी या वस्तूचा सर्वांत मोठा गुण म्हणजे तिची चाके वळत नाहीत. गाडा भिंतीशी गेला की अडतो. सुरुवातीला ती तिथे उभी राहून आम्हाला बोलावण्यासाठी रडे आणि आम्ही गाडा फिरवून देत असू. मग आजीने सांगितले की, उगाच धावू नका, पोरीला जरा अडू द्या. काही दिवसांनी ती गाडा सोडून खाली बसली, रांगत पुढच्या चाकापाशी गेली आणि तिकडून तो मागे ढकलू लागली. आणखी काही आठवड्यांनी ती मागे उभी राहूनच मूठ किंचित उचलून पुढचे टोक सरकवू लागली. पायांच्या बळासाठी आणलेल्या वस्तूने डोक्याला इतके काम दिले, याचे मला अजून नवल वाटते. चाके सर्व दिशांना फिरणारे नवे प्लास्टिकचे गाडे बाजारात मिळतात आणि ते सोयीचेही आहेत, पण त्यांत हा अडण्याचा भाग निघून जातो.

ती एकटी चालू लागली ते गाड्यामुळे, असे मी म्हणणार नाही; गाडा नसता तरी ती आपल्या वेळेला चाललीच असती. एकटीने टाकलेली पहिली पावले तर गाडा दुसऱ्या खोलीत असताना पडली. चालताना पाय अनवाणी ठेवावेत, मोठ्यांपैकी कोणीतरी हाताच्या अंतरावर असावे आणि जिन्याकडचे दार बंद असावे, या अटी गाड्यालाही लागू आहेत.

आवाजाविषयी दोन शब्द. चाकांबरोबर खटखट वाजणारी लाकडी पट्टी बसवलेला गाडा बाळाला फार आवडतो आणि खालच्या मजल्यावरच्यांना अजिबात आवडत नाही. सदनिकेत राहणाऱ्यांनी बिनपट्टीचा घ्यावा किंवा पट्टी काढून ठेवावी. रबराच्या धावेने उरलेला आवाजही बराच कमी होतो.

आम्हाला हा गाडा साडेआठशे रुपयांना पडला. आळीत एकाच मापाच्या गाड्यांच्या किमती दुकानागणिक बदलतात, तेव्हा दोन-चार ठिकाणी विचारावे. घासाघीस करण्यापेक्षा त्याच पैशांत बिनरंगाची मूठ आणि घट्ट खुंट्या करून मागाव्यात, कारण कारागीर ते आनंदाने करून देतात. प्रत्यक्ष जाता येत नसेल आणि कुरिअरने मागवायचा असेल, तर मुठीची जमिनीपासूनची उंची, लाकूड कोणते आणि उभे दांडे मागच्या आसापासून किती पुढे आहेत हे विचारून घ्यावे, तसेच बाजूने काढलेले एक छायाचित्र मागवावे. समोरून काढलेल्या छायाचित्रात रंग छान दिसतो, दांड्यांची जागा मात्र कळत नाही.