पेंग्विन किट, सहामाहीभर वापरून: सगळं चालेल, तो हातमोजा सोडून

केजीच्या ताईंना मुलांना पेंग्विन शिकवायचं हे किट माहीत असेलच, त्यामुळे खोक्यात काय काय येतं ते सांगत बसत नाही. लिहायचं कारण एवढंच, की चरबीचा हातमोजा (चरबीमुळे पेंग्विन गार पाण्यात उबदार कसा राहतो, हे मुलांना हाताने कळावं म्हणून दिलेला) पुन्हा फुटला आणि कंपनीने बदली द्यायचं सोडून ‘अनबॉक्सिंगचा व्हिडिओ पाठवा’ म्हटलं. सहामाही वापरलेल्या वस्तूचा!

फुटणं परवडलं, पण मोजा एकच देतात हे चुकीचं आहे. मूल एक हात मोज्यात आणि दुसरा उघडाच बर्फाच्या पाण्यात घालतं. उघडा हात ओला होतो, गारठतो. मग ऊब चरबीची की प्लास्टिकची, हे ठरवायचं कसं? तसाच दुसरा मोजा, आत काहीही न भरलेला, हवाच.

दोन्ही घरीच करा, स्वस्त पडतात. एक लिटरच्या चार झिप पिशव्या घ्या, सरकत्या क्लिपवाल्या नकोत. एका पिशवीत पाव किलो डालडा भरा. दुसरीची आतली बाजू बाहेर काढून ती तिच्यात सारा, म्हणजे दोघींच्या झिपा एकमेकींत बसतात. वरून रुंद सेलोटेप. कागदी टेप पाणी लागताच सुटते, किटच्या मोज्याला नेमकी तीच आहे. मुलं हात खाली रेटतात तेव्हा डालडा कडेने वर चढतो, बोटांपाशी थर पातळ होतो आणि ‘ताई, गारच लागतंय’ सुरू होतं. दर दोन-तीन मुलांनंतर बाहेरून दाबून तो खाली आणा. हात पाण्यात अर्धा मिनिटच. एप्रिल-मेमध्ये डालडा पातळ होऊन झिपेतून झिरपतो. मोजा आधी फ्रीजमध्ये ठेवा, पण हात सरकेल इतका मऊ होऊ दे. सांडलंच तर आधी कोरडं बेसन टाकून पुसा. थेट पाण्याने पुसलं तर फरशीभर तवंग.

किटमधली पेंग्विनच्या उंचीची पट्टी पाहून आधी ‘पैसे उकळायचे धंदे’ असंच वाटलं होतं. आता मत बदललंय. एम्परर पेंग्विन साधारण ११५ सेंमी, म्हणजे सीनियर केजीतल्या मुलाएवढाच. लिटल पेंग्विन ३३ सेंमीच्या आसपास, त्यांच्या गुडघ्याच्या जरा वर. मुलं रोज पट्टीला पाठ लावून उभी राहतात, मोजमाप आपोआप होतं.

मुलांनी पेंग्विनसारखं पायावर सांभाळायचं अंडं मात्र पोकळ प्लास्टिकचं, टिकत नाही. पायमोज्यात साडेचारशे ग्रॅम तांदूळ भरून गाठ मारा, वजनही खऱ्या एम्पररच्या अंड्याच्या जवळ जातं. कार्डावर ‘पेंग्विनचे बाबा अंडं उबवतात’ असं सरसकट छापलंय. एकटा बाबा सुमारे दोन महिने पायांवर अंडं सांभाळतो तो एम्पररचा. अ‍ॅडेली जातीच्या पेंग्विनचे आईबाबा दगडांच्या घरट्यात पाळीपाळीने उबवतात.

राणीबागेत जाऊन आलेली मुलं हटकून विचारतात, ‘तिथे बर्फाचे डोंगर कुठे होते?’ तिथले हम्बोल्ट पेंग्विन पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचे, हिमाचा त्यांना गंधही नसतो. किटमध्ये त्यांचं एकही चित्र नाही, आपणच छापून लावायचं. भित्तिचित्राच्या उजव्या कोपऱ्यात मात्र ध्रुवीय अस्वल आहे. ते राहतं उत्तर ध्रुवाकडे, बर्फातले पेंग्विन दक्षिणेला. वर्गात लावण्याआधी तो कोपरा कात्रीने उडवा.