जुन्या गाडीची दुसरी रिमोट किल्ली: दुकानापुढे चालते, घरी अडते

फसवणुकीचा हा प्रकार जवळपास ठरलेल्या क्रमाने घडतो. गाडी पंधरा-वीस वर्षांची, चालू किल्ली एकच उरलेली, म्हणून मालक दुसरी करून घ्यायला जातो. अर्ध्या तासात नवी किल्ली तयार होते. किल्लीवाला बटण दाबतो, चारही दारांची लॉक खटकन उघडतात. किल्ली फिरवतो, गाडी सुरू होते. पैसे दिले जातात. दोन दिवसांनी मालक जुनी किल्ली घरी ठेवून नुसती नवी घेऊन निघतो आणि गाडी हटून बसते. परत दुकान गाठलं की ऐकायला मिळतं, 'तुमच्या गाडीचा इमोबिलायझर गेलाय, डबाच बदलावा लागेल.' इमोबिलायझर म्हणजे ओळखीची किल्ली नसेल तर इंजिन सुरू होऊ न देणारी यंत्रणा. तिचा डबा धडधाकट असतो. लूट मात्र एकाच गिऱ्हाइकाची दोनदा होते.

रिमोट किल्ली दिसते एक, पण तिच्या कव्हरात बहुधा एकमेकांशी संबंध नसलेल्या तीन वस्तू राहतात, आणि सगळी हातचलाखी याच गोष्टीवर चालते. धातूचं पातं कुलूप फिरवतं. इमोबिलायझरची चिप इंजिन सुरू व्हायला परवानगी देते. रिमोटचं सर्किट दारं उघडतं. तीनपैकी सेल फक्त रिमोटला लागतो. चिपला वीज मिळते ती इग्निशनच्या कुलपाभोवती बसवलेल्या गोल कॉइलमधून, १२५ किलोहर्ट्‌झवर (काही बनावटींत १३४.२). त्यामुळे सेल मेलेल्या किल्लीनेही गाडी सुरू व्हायला हवी. 'सेल संपलाय म्हणून गाडी सुरू होत नाही' असं कोणी जुन्या, भोकात घालून फिरवायच्या किल्लीबद्दल सांगितलं, तर त्याला काम येत नाही किंवा तो खोटं बोलतोय. दोन्हींचा खर्च तुम्हालाच.

चिपचा पल्ला जेमतेम काही सेंटिमीटर. मघाचं दुकानापुढचं प्रात्यक्षिक इथेच कळतं. नव्या किल्लीत चिप नसतेच. किल्लीवाल्याच्या मुठीत किंवा त्याच कड्यात जुनी किल्ली असते आणि तिचं डोकं कुलपाला टेकलेलं असतं. गाडी ओळखते जुनीला, फिरते नवी. म्हणून तपासणीचा पहिला नियम: नवी किल्ली सुरू करून बघताना बाकीच्या सगळ्या किल्ल्या गाडीबाहेर, दहा पावलं लांब, तुमच्या माणसाच्या हातात. किल्ली स्वतः फिरवायची. इंजिन सुरू झालं की निदान दहा सेकंद चालू द्यायचं, कारण चिप नसताना प्रत्येक गाडी वेगळं वागते. काही गाड्या सुरू होतात आणि एक-दोन सेकंदांत बंद पडतात, काहींत सेल्फ फिरतो पण इंजिन पकडत नाही, काहींत सेल्फही लागत नाही. पहिल्या प्रकारच्या गाडीत किल्लीवाला 'बघा, झाली सुरू' म्हणत स्वतःच चटकन बंद करतो. मीटरमधला किल्लीच्या किंवा कुलपाच्या चित्राचा दिवा लुकलुकत राहिला, तर चिप ओळखली गेलेली नाही.

मग जुनी किल्लीही तशीच एकटी तपासायची. हे बहुतेक लोक विसरतात. एक चलाखी अशी की जुन्या किल्लीतली चिप काढून नवीत घालतात. नवी झकास चालते आणि जुनी आता नुसतं पातं उरते. तुम्हाला ते कळतं महिन्याभराने, नवी हरवल्यावर.

याहून वाईट प्रकार स्टिअरिंगखालच्या प्लास्टिक कव्हरात सापडतो. चिप म्हणजे आगपेटीतल्या काडीच्या गुलाहून जरा मोठी काचेची नळी, नाहीतर सुमारे बारा मिलिमीटर लांबीचा काळा ठोकळा. तो किल्लीतून काढून कुलपाभोवतीच्या कॉइलला चिकटपट्टीने कायमचा चिकटवून टाकतात. आता कुठलीही कापलेली पत्र्याची किल्ली घाला, गाडी सुरू. जुनी चालते, नवी चालते, मालक खूश. पण इमोबिलायझर असून नसल्यासारखा झाला, हे त्याला कोणी सांगत नाही. याची परीक्षा सोपी आहे. किल्लीचं डोकं ॲल्युमिनियम फॉइलच्या चार-पाच घड्यांत पूर्ण गुंडाळा, फक्त पातं बाहेर ठेवा आणि फिरवा. गाडी सुरू राहायला नको. राहिलीच, तर कव्हरचे स्क्रू काढून कॉइलजवळ बघा. (बाहेरून बसवलेल्या रिमोट-स्टार्ट किटमध्ये चिप किंवा अख्खं किल्लीचं डोकं मुद्दाम डॅशबोर्डामागे ठेवलेलं असतं. ती फसवणूक नव्हे, पण सेकंडहँड गाडी घेतलेल्याला ते ठाऊक असायला हवं.)

आता रिमोट. इथे आधी एक प्रश्न सोडवायचा: रिमोट कंपनीचा आहे की मागाहून बसवलेल्या सेंट्रल लॉकिंग किटचा? जुन्या गाड्यांत दुसरी शक्यता मोठी. रिमोट किल्लीपासून वेगळा लटकतो, त्यावर गाडीच्या कंपनीचं चिन्ह नाही, डॅशबोर्डवर वेगळा चिकटवलेला लाल दिवा लुकलुकतो, ही लक्षणं दिसली तर कंपनीचा महागडा रिमोट घेऊन काडीचा उपयोग नाही. किटचा रिसीव्हर बहुधा डॅशबोर्डाखाली असतो, त्यावर शिकवायचं बटण किंवा वायर असते आणि त्याच किटच्या जातीचा रिमोट त्यात दोन मिनिटांत बसतो. असल्या कामाला 'कॉम्प्युटरने प्रोग्रॅमिंग' म्हणून बिल लावणं ही सरळ लबाडी.

कंपनीचा रिमोट असेल तर 'कॉपी करून देतो' या शब्दांना घाबरावं. जुना रिमोट नव्याच्या समोर धरून बटण दाबायचं आणि नव्याने ते शिकायचं, ही पद्धत फक्त ठरीव कोडच्या रिमोटला लागू पडते. रोलिंग कोडमध्ये प्रत्येक दाबाला मोजणी एकाने पुढे सरकते आणि रिसीव्हर मागचा आकडा कधीच स्वीकारत नाही. समजा, जुन्या रिमोटची मोजणी ५,००० वर आहे. किल्लीवाला गाडीपासून लांब, दुकानाच्या आत, चार-पाच दाब नव्यात टिपून घेतो: ५,००१ ते ५,००५. बाहेर येऊन नव्याने दाबून दाखवतो आणि दार उघडतं, कारण गाडीने ते आकडे अजून ऐकलेले नसतात. घरी जाऊन तुम्ही जुना रिमोट एकदा वापरला की गाडी ५,००६ वर जाते आणि नव्यात साठवलेलं सगळं मेलं. हुशार उपकरणं अनुक्रमांक आणि मोजणी दोन्ही उचलतात. तिथे अस्सल आणि नक्कल एकाच मोजणीवर भांडत बसतात आणि जी मागे पडेल तिला गाडी नाकारते. म्हणून रिमोटची परीक्षा अशी: नव्याने पाच वेळा उघडबंद, मग जुन्याने पाच वेळा, मग पुन्हा नव्याने. दोन्ही शेवटपर्यंत चालले पाहिजेत.

याची उलट बाजूही सांगायला हवी, नाहीतर प्रत्येक किल्लीवाला चोर ठरेल. पोराने खेळताना रिमोट पन्नासदा दाबला आणि गाडीने ते ऐकलं नाही, तर अस्सल रिमोटही अडतो. कीलॉक या रोलिंग कोड पद्धतीच्या रिसीव्हरात साधारणपणे पुढचे १६ आकडे थेट चालतात. त्यापलीकडे, सुमारे ३२ हजारांपर्यंत, लागोपाठ दोन दाब दिले की जुळणी पुन्हा बसते. दोनदा बटण दाबण्याच्या या कामाचे पैसे घेणारेही आहेत.

दुकान टाळून स्वतः रिमोट मागवणारे वेगळ्या खड्ड्यात पडतात. फोटोत कव्हर तेच, बटणं तितकीच, भाव निम्मा. पार्सल फोडलं की कधी आत नुसतं कव्हर निघतं, कधी सर्किट असतं पण ३१५ मेगाहर्ट्‌झचं, आणि गाडी ऐकते ४३३.९२ वर. कव्हरवरचा छापील मजकूर न बघता सर्किट बघावं. क्रिस्टलच्या (रिमोटची वारंवारता ठरवणाऱ्या भागाच्या) डब्यावर बहुतेक वेळा आकडा असतो: १३.५६ असेल तर त्याची ३२ पट म्हणजे ४३३.९२, आणि ९.८४३७५ असेल तर ३१५. जुन्या रिमोटच्या सर्किटवर किंवा कव्हरच्या आत पार्ट नंबर असतो. तो अक्षरशः जुळवूनच मागवावं, शेवटच्या अक्षरासकट.

वापरलेला रिमोट तर बहुतेकदा पैसे पाण्यात. बऱ्याच चिप पहिल्या गाडीला जोडल्या की कुलूपबंद होतात. फोक्सवॅगन गटातल्या गाड्यांची मेगामॉस (आयडी ४८) चिप एकदा बसली की दुसऱ्या गाडीत लागत नाही. पीसीएफ ७९४६ सारख्या भागात चिप आणि रिमोट एकाच तुकड्यात असतात, म्हणून एक अडला की दोन्ही अडतात. असे काही भाग विशेष उपकरणाने मोकळे करता येतात, पण विकणाऱ्याने ते केलंय का, हे फोटोत दिसत नाही. 'टेस्टेड' या शब्दाचा अर्थ इतकाच की बटण दाबल्यावर दिवा लागतो.

कव्हर बदलताना होणारा घोटाळा फसवणूक नसते, पण तिला आयतं निमित्त देतो. जुन्या कव्हराच्या कोपऱ्यात, सर्किटपासून वेगळ्या खाचेत ती चिमुकली चिप बसवलेली असते. सर्किट नव्या कव्हरात गेलं, चिप जुन्यात राहिली, कव्हर कचऱ्यात गेलं. रिमोट चालतो, गाडी सुरू होत नाही आणि समोरचा लगेच 'ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) उडाला' म्हणतो. जुनं कव्हर काम पूर्ण होईपर्यंत टाकू नका, आणि किल्लीवाल्याकडूनही मागून घ्या.

चिप क्लोन करणं आणि गाडीत नवी नोंदवणं यांत फरक आहे. क्लोन म्हणजे जुन्या चिपची हुबेहूब प्रत. गाडीला वाटतं किल्ली एकच. हे काम चोख चालतं, त्यात वाईट काही नाही, पण ते स्वस्त आणि झटपट असतं. नोंदणीचे पैसे घेऊन क्लोन देणं ही फसवणूक. फरक पुढे टोचतो: किल्ली हरवल्यावर तिची नोंद पुसायला जाल, तर तिच्याबरोबर हातातली प्रतही मरते.

खरी नोंदणी ओबीडी सॉकेटमधून (गाडीला स्कॅनर जोडायच्या जागेतून) होते, किंवा काही गाड्यांत मालकाकडच्या किल्ल्यांनीच. काही फोर्ड मॉडेलमध्ये दोन चालू किल्ल्या असतील तर तिसरी स्वतः जोडता येते, एकच असेल तर येत नाही. जुन्या टोयोटांत मास्टर किल्लीच दुसरीला आत घेऊ शकते, व्हॅले किल्ली (पार्किंगवाल्याकडे द्यायची) नाही. फोक्सवॅगन गटात पिन लागतो, आणि त्या बैठकीत हजर नसलेली किल्ली यादीतून गळते. अनेक गाड्यांत रिमोटचंही तसंच. म्हणून कामाला जाताना घरातल्या सगळ्या किल्ल्या न्यायच्या. 'एकच आणा, पुरे' म्हणणारा नंतर 'दुसरी बंद पडली, तिचे वेगळे' म्हणतो. नोंदणीआधी गाडीची बॅटरी १२.५ व्होल्टच्या आसपास हवी, दिवे आणि पंखा बंद हवेत. मध्येच व्होल्टेज पडलं तर नोंदणी अर्धवट राहते. चुकीचा पिन टाकला की काही गाड्या ठरावीक वेळ पुढचा पिन घेतच नाहीत. तेवढा वेळ थांबून पुन्हा प्रयत्न करायचा असतो, डबा बदलायचा नसतो. मास्टर किल्लीच हरवलेल्या जुन्या गाड्यांतही बऱ्याचदा डब्यातला ९३सी५६ किंवा ९३सी६६ हा आठ पायांचा मेमरी चिप वाचून पुन्हा लिहिला की भागतं. डबा बदलायला सांगणाऱ्याला हे करता येतं का, एवढं विचारून बघा. चेहरा उत्तर देतो.

पात्याबद्दल थोडक्यात. वीस वर्षं झिजलेल्या किल्लीवरून कापलेली किल्ली ती झीजही उचलते, वर यंत्राची चूक मिळवते, आणि आठवड्यात अडकायला लागते. गाडीसोबत मिळालेल्या पत्र्याच्या बिल्ल्यावरचा किल्ली क्रमांक असेल तर त्यावरून कापून घ्यावी. तो बिल्ला किंवा किल्लीच्या दात्यांचा फोटो कुणालाही पाठवू नये, फोटोवरून पातं कापता येतं. आणि मालकीची कागदपत्रं न विचारता किल्ली करून देणारा तुमच्या गाडीची किल्लीही दुसऱ्याला तशीच करून देईल.

काम संपल्यावर किल्लीवाल्याच्या स्कॅनरवर नोंदलेल्या किल्ल्यांचा आकडा दाखवायला सांगा. बऱ्याच गाड्यांत तो दिसतो. हातात दोन आणि पडद्यावर तीन, तर तिसरी कुणाकडे तरी आहे. ती मागच्या मालकाचीही असू शकते, म्हणून काम सुरू करण्याआधीचा आकडाही बघून ठेवावा. आकडा जुळला नाही तर सगळ्या नोंदी पुसून, हातातल्या किल्ल्या समोर ठेवून, पुन्हा नोंदवायच्या, आणि शक्यतो दुसऱ्या माणसाकडून. एवढं करूनही त्या तिसऱ्या किल्लीचं पातं कापलेलंच असतं. तिने गाडी सुरू होणार नाही, पण दार उघडेल. तिथे सॉफ्टवेअरचा इलाज नाही, दाराच्या कुलपाचं सिलिंडर किंवा त्यातल्या पट्ट्या बदलाव्या लागतात.