राष्ट्रीय उद्यान की संवर्धन राखीव?

चांदोली 2004 पासून राष्ट्रीय उद्यान आहे आणि सिंधुदुर्गातलं तिलारी 2020 पासून संवर्धन राखीव. दोन्ही सह्याद्रीतच, कायदाही एकच, 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा. पण गावकऱ्याच्या दृष्टीने फरक जमीन-अस्मानाचा.

राष्ट्रीय उद्यानात आधी लोकांच्या हक्कांची चौकशी होते, मग ते हक्क सरकारकडे जातात. गुरं आत नेता येत नाहीत, अभयारण्यात तेवढी तरी मुभा मिळू शकते. चांदोलीतली गावं उठली ती उगाच नाही. जंगलाला मात्र भक्कम कवच मिळतं: हद्द बदलायची तर राष्ट्रीय वन्यजीव मंडळाची शिफारस लागते.

संवर्धन राखीव हा प्रकार कायद्यात आला 2002 च्या दुरुस्तीने. जमीन सरकारचीच हवी, आणि घोषणेआधी स्थानिकांशी बोलावं लागतं. शिकार, आग लावणं इथेही बंद, पण कोणाला घर सोडावं लागत नाही. व्यवस्थापन समितीत वन खात्याबरोबर हद्दीतल्या प्रत्येक ग्रामपंचायतीचा एक प्रतिनिधी, तीन स्वयंसेवी संस्था, शिवाय कृषी आणि पशुसंवर्धन खात्याची माणसं. कागदावर झकास! पण ही समिती फक्त सल्ला देते, आणि हद्द बदलताना राष्ट्रीय मंडळाची ती अट इथे नाही. उद्या खाण किंवा रस्ता आला तर हे कवच पातळ पडेल.

तरीही वस्ती, काजूच्या बागा आणि वाघाची वाट एकमेकांत मिसळलेल्या तिलारीसारख्या पट्ट्यात मी संवर्धन राखीवच निवडेन. निर्मनुष्य गाभ्याला मात्र उद्यानच हवं.