डिप्लोमसी: फासे नसलेला युद्धपट

अ‍ॅलन कॅलहॅमर यांनी १९५९ साली बाजारात आणलेला हा पटावरचा खेळ. १९०१ चा युरोप, सात सत्ता, ३४ पुरवठा केंद्रं (सैन्य पोसणारे प्रांत). १८ हाती आली की डाव जिंकला. फासे नाहीत. वाटाघाटी उघड किंवा कोपऱ्यात, हुकूम मात्र सगळ्यांनी गुपचूप लिहायचे आणि एकदम उघडायचे. दिलेला शब्द पाळण्याची सक्ती नाही.

खरी करामत नकाशात आहे. रशियाचं आरमार सेव्हस्तोपोलला, तुर्कस्तानचं अंकाराला, मध्ये काळा समुद्र. दोघांनी तिथेच चाल लिहिली तर बळ सारखं, दोघंही जागच्या जागी. मुरलेले खेळाडू ही टक्कर ठरवून घेतात, कारण शब्द मोडून जो थांबेल त्याच्याच दाराशी शत्रूचं आरमार येतं. ऑस्ट्रिया-रशियामधल्या गॅलिसियात आणि फ्रान्स-जर्मनीमधल्या बर्गंडीतही हीच युक्ती चालते. इटलीचं व्हेनिस आणि ऑस्ट्रियाचं ट्रिएस्ट मात्र थेट चिकटलेली, मध्ये रिकामा प्रांतच नाही. त्यामुळे इटली-ऑस्ट्रियाची मैत्री पहिल्या चालीपासून संशयाने पोखरलेली. (प्रत्यक्षातही १८८२ पासूनचे हे मित्र १९१५ मध्ये एकमेकांवर उलटलेच.)

प्रत्येक तुकडीचं बळ एक, म्हणून पाठिंब्याशिवाय (म्हणजे दुसऱ्या तुकडीने स्वतः न हलता आपलं बळ जोडल्याशिवाय) ठाम उभ्या शत्रूला हलवता येत नाही आणि युती करावीच लागते. पण पाठिंबा देणाऱ्या तुकडीवर तिसऱ्याच शेजाऱ्याने नुसती चाल केली तरी तो तुटतो. पाठिंबा दिलेला हल्ला ज्या प्रांतावर आहे तिथूनच ती चाल आली, तर मात्र तुकडी हटल्याशिवाय पाठिंबा तुटत नाही. नवशिके हटकून इथेच अडखळतात. दुसरी नेहमीची चूक किनाऱ्याची: बल्गेरियाला दोन किनारे आहेत, कॉन्स्टँटिनोपलहून तिथे निघालेल्या आरमाराने पूर्व की दक्षिण हे लिहिलं नाही, तर चाल बाद.

आता उणिवा. सात माणसं नसतील तर मजा जाते. सहा जणांत इटली निर्जीव ठेवायची, म्हणजे ती कुणीच खेळायची नाही आणि तिच्या तुकड्या नुसत्या जागेवर, अशी जुनी पद्धत आहे. तिने ऑस्ट्रियाची पाठ फुकटात सुरक्षित होते. डाव पाच-सहा तास सहज चालतो, आणि लवकर बाद झालेला खेळाडू नुसता बसून राहतो. व्यापार, कर्ज, देशांतर्गत राजकारण यांना जागाच नाही. सर्बिया-बेल्जियम तर नुसती गिळायची केंद्रं, हे विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या युरोपबद्दल फारच सोपं गणित.

घ्यायचाच असेल तर घड्याळही जवळ ठेवा: पहिल्या वाटाघाटीला अर्धा तास, पुढे प्रत्येकी पंधरा मिनिटं. मुदत संपली आणि हुकूम लिहिलेला नसला की तुकडी जागेवरच थांबते, हेही आधीच सांगून टाका.